गाऊनवरची ओढणी

(महिला दिनाच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मला कपड्यांवर बोलायचं आहे. मारहाण, पोटगी, रेशन, पाणी हे सगळे विषय रांगेत उभे असताना हा किरकोळ विषय कशाला, असं काहीजणींना वाटेल. मलाही तसंच वाटायचं. माझं मत का बदललं ते सांगते, आणि ते सांगताना मला माझी एक चूक तुमच्यापुढे कबूल करावी लागणार आहे.

बारा-तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. रात्री साडेदहाला दार वाजलं. आमच्या सल्ला केंद्रात दोनदा येऊन गेलेली एक बाई दारात उभी होती. नवऱ्याने मारून घराबाहेर काढलं होतं. अंगात गाऊन, पाय अनवाणी, कपाळ फुटलेलं. मी तिला बसवलं, पाणी दिलं, जखम पुसली. मग कपाट उघडलं, माझी एक सुती साडी काढली आणि म्हटलं, ''ही नेस, म्हणजे चौकीत जाऊ.'' ती म्हणाली, ''ताई, हात वर होत नाही.'' मी तिला ब्लाउज घालून दिला, निऱ्या काढून दिल्या, केस विंचरले. अर्धा तास गेला. चौकीतल्या साहेबांनी तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, ''फार काही झालेलं दिसत नाही. घरात भांडणं व्हायचीच.''

तिचा गाऊन माझ्याकडेच राहिला होता. त्याची बाही उसवलेली, खांद्यावर रक्ताचे डाग. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तो भिजत घातला, धुतला आणि वाळत टाकला. घरात मळका कपडा पडलेला मला बघवत नाही. दोरीवर पिन लावताना डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पुरावा होता तो! तिच्या नवऱ्याला नाही सुचलं ते काम मी साबण लावून केलं होतं.

मी असं का केलं, यावर मी खूप विचार केला. त्याच्या वर्षभर आधी अशाच एकीला घेऊन मी दुसऱ्या एका चौकीत गेले होते, तेव्हा ड्यूटीवरचा माणूस म्हणाला होता, ''बाई, आधी नीट कपडे घालून या.'' ते वाक्य माझ्यात इतकं रुतलं होतं की पुढच्या वेळी कुणी सांगायच्या आधी मीच त्याचं काम करून टाकलं. आपल्या सगळ्यांच्या आत असा एक चौकीदार बसलेला असतो. आज मला त्याच्याशीच बोलायचं आहे.

आधी या गाऊनकडेच नीट बघू या. साहेबाच्या देशातून आलेला हा झोपण्याचा कपडा. आमच्या चाळीत तो पहिल्यांदा आला तेव्हा त्याला मॅक्सी म्हणायचे, आणि म्हाताऱ्या बायका तोंड फिरवायच्या. दहा वर्षांत त्याच म्हाताऱ्या सुनेला म्हणायला लागल्या, ''मला पण एक आण, बिनफ्रिलचा.'' कारण सोपं आहे. पहाटे पाणी भरायचं, वाकून भांडी घासायची, फरशी पुसायची, पत्र्याखालच्या खोलीत उन्हाळा काढायचा. त्यासाठी पदर सांभाळावा लागत नाही, निऱ्या ओल्या होत नाहीत, अंगावर पिणारं मूल असेल तर पुढची चेन कामाला येते, सिझरच्या टाक्यांवर परकराची नाडी काचत नाही.

नाडीचं म्हणाल तर आपल्या कितीतरी जणींच्या कमरेला काळा वळ असतो आणि आपण तो बाईपणाचा भागच धरून चालतो. २०२४ साली वर्धा आणि बिहारमधल्या डॉक्टरांनी एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात दोन वयस्कर बायकांची हकिगत मांडली. वर्षानुवर्षं घट्ट बांधलेल्या नाडीने आणि लुगड्याने कमरेवर जखम झाली, ती बरी होईना, आणि तिथे त्वचेचा कर्करोग झाला. घाबरू नका, हे क्वचित घडतं. नाडी सैल बांधा, कमरेवरची जखम भरत नसेल तर डॉक्टरांना दाखवा. पण ज्या पोशाखाला आपण 'नीट' म्हणतो त्याचीही शरीराला किंमत पडते, हे विसरू नका.

तर गाऊन घरात ठीक. मग घर संपतं कुठे? आमच्या वस्तीत विचाराल तर बायका लगेच सांगतील. नळावर गाऊन चालतो. वाण्याकडे चालतो, पण खांद्यावर ओढणी हवी. दळणाला चालतो. शाळेच्या फाटकापर्यंत ओढणीसकट चालतो, आत बाईंना भेटायला चालत नाही. हमरस्ता ओलांडला की मुळीच चालत नाही. ही सीमारेषा कुठल्या नकाशावर नाही, पण एकीचंही पाऊल चुकत नाही. आणि ती ओढणी बघा. गाऊनचा रंग कुठला, ओढणीचा कुठला! झाकण्यासारखं काही उरलेलं नसताना ती असते. 'मी बाहेर आले आहे हे मला ठाऊक आहे' एवढं सांगणारी ती पावती आहे. केरळात हेच काम खांद्यावरचा तोर्तू, म्हणजे पातळ पंचा, करतो.

हे फक्त आपल्याकडेच आहे असं समजू नका. चीनमध्ये शांघायच्या गल्ल्यांत माणसं झोपायच्या कपड्यांत भाजी आणायला जायची. बायकाही आणि पुरुषही. दाटीवाटीची घरं, सामायिक स्वयंपाकघर, सामायिक संडास. तिथे गल्ली म्हणजे घराचीच ओसरी. २०१० साली शहरात मोठं जागतिक प्रदर्शन भरायचं ठरलं, तेव्हा पाहुण्यांपुढे शोभा नको म्हणून सरकारने 'झोपायचे कपडे घालून बाहेर पडू नका' अशी मोहीम काढली. पुढे २०२० साली आन्ह्वेई प्रांतातल्या एका शहराच्या प्रशासनाने रस्त्यावरच्या कॅमेऱ्यांतून अशा सातजणांची छायाचित्रं नावांसकट जाहीर केली. लोक इतके संतापले की प्रशासनाला माफी मागावी लागली. आणि ज्यांच्याकडून आपण गाऊन घेतला त्या ब्रिटनमध्ये? २०१० साली कार्डिफमधल्या एका मोठ्या दुकानाने रात्रीच्या कपड्यांत येणाऱ्या गिऱ्हाइकांना मनाई केली. २०१६ साली डार्लिंग्टनच्या एका मुख्याध्यापिकेने पालकांना पत्र लिहिलं, की मुलांना सोडायला येताना कपडे बदलून या. म्हणजे 'घरचा कपडा' आणि 'बाहेरचा कपडा' ही रेघ सगळीकडे आहे. फक्त ती कुठे मारायची हे ज्याच्या हातात खडू असतो तो ठरवतो.

आपल्याकडे खडू कुणाच्या हातात आहे? २०१४ साली नवी मुंबईतल्या गोठिवली गावात बायकांनी गाऊन घालून बाहेर फिरू नये, फिरल्यास ५०० रुपये दंड, असं ठरलं. ठरवलं कुणी? गावातल्या महिला मंडळानेच. २०१८ साली आंध्रातल्या तोकलापल्ली गावात वडीलधाऱ्यांनी सकाळी ७ ते संध्याकाळी ७ नाइटी घालायला बंदी केली. दंड २,००० रुपये आणि चुगली करणाऱ्याला १,००० रुपये बक्षीस! तिथेही बायकांनीच मागणी केली, असं सांगितलं गेलं. आपण हसतो, पण मंडळातल्या त्या बायका माझ्याहून फार वेगळ्या नव्हत्या. आपल्या बायकांकडे कुणी वाईट नजरेने बघू नये, नावं ठेवू नयेत, हीच त्यांची काळजी. नजर बघणाऱ्याची आणि दंड मात्र जिच्याकडे बघितलं तिला! त्याच गल्लीत पट्ट्यापट्ट्याची चड्डी आणि भोकं पडलेला बनियन घालून दात घासत उभा असलेला पुरुष दिवसातून दहादा दिसतो. त्याच्या खांद्यावरचा टॉवेल ही पावती नसते, तो खरोखर टॉवेलच असतो.

एवढं सगळं मी केंद्रातल्या बैठकीत मोठ्या तावातावाने मांडलं, तेव्हा आमची एक सहकारी शांतपणे म्हणाली, ''ताई, तुम्ही चुरगळलेला कुडता आणि झोळी घालून हिंडता, लोक म्हणतात किती साधी राहणी. मी तशी आले तर म्हणतील, हे लोक असेच गबाळे.'' मी गप्प झाले.

तिची आजी तिला महाडची गोष्ट सांगायची. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या परिषदेच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकर बायकांशी स्वतंत्रपणे बोलले. जातीची खूण पटवणारी लुगडं नेसण्याची पद्धत सोडा, वरच्या जातींच्या बायकांसारखं घोळदार लुगडं नेसा, कथलाचे ढीगभर दागिने टाका, असं त्यांनी सांगितलं. दुसऱ्या दिवशी बायका तशा नेसून आल्या. लुगडं गुडघ्याच्या वर की घोट्यापर्यंत, यावर माणसाची पायरी ठरत होती, आणि ती पायरी त्यांनी एका दिवसात ओलांडली. त्याआधी त्रावणकोरमध्ये नाडार बायकांनी नुसती छाती झाकायच्या हक्कासाठी वर्षानुवर्षं मार खाल्ला. १८५९ साली तो हक्क मिळाला, तोही अटी घालून.

म्हणजे कडक इस्त्रीची साडी कुणासाठी बेडी असेल, कुणासाठी ती लढून मिळवलेली वस्तू आहे. 'कसं का असेना, कपडाच तर आहे' असं म्हणण्याची चैन सगळ्यांना सारखी परवडत नाही. माझ्या झोळीमागे माझी जात, माझं शिक्षण, माझं बोलणं उभं होतं. गाऊनमध्ये आलेल्या त्या बाईच्या मागे कुणी नव्हतं. म्हणून तिला साडी लागली.

मग आपण म्हणायचं काय? सगळ्याजणींनी गाऊन घालून मोर्चाला या, असं मी म्हणत नाही. साडी नेसणारीने साडी नेसावी, हौसेने नेसावी. सरकारही अधूनमधून खडू हातात घेतं. डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने कर्मचाऱ्यांसाठी आणि मार्च २०२४ मध्ये शिक्षकांसाठी पोशाखाच्या सूचना काढल्या. कामाच्या जागी काही शिस्त असावी, यावर आपण वाद घालू शकतो. पण मदत मागायला आलेल्या माणसाला पोशाख नसतो. दवाखान्यात, चौकीत, न्यायालयाच्या पायरीवर बाई ज्या कपड्यांत पोचली तेच तिचे नीट कपडे.

हे नुसतं मत नाही, कायदाही असंच सांगतो. दखलपात्र गुन्ह्याची खबर नोंदवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कुठलीही असली तरी ती नोंदवून घ्यावी लागते, आणि नोंदीची प्रत फुकट मिळते. त्या कलमात कपड्यांबद्दल एक अक्षर नाही.

त्या प्रसंगानंतर आम्ही केंद्रात काही गोष्टी ठरवल्या. आलेल्या बाईला कपडे बदलायला सांगायचं नाही. तिला थंडी वाजत असेल, लाज वाटत असेल, तर शाल द्यायची, तीही विचारून. मार लागलेल्या अंगावरचे कपडे धुवायचे नाहीत. बदलावेच लागले तर सावलीत वाळवून कागदात गुंडाळून ठेवायचे, प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबायचे नाहीत, आणि पोलिसांकडे देऊन पंचनाम्यात त्यांची नोंद करायला लावायची. आणि कुणी म्हणालं, ''नीट कपडे घालून या,'' तर त्याचं नाव, हुद्दा आणि वेळ तिथल्या तिथे लिहून घ्यायची. वही उघडली की आवाज खाली येतो, हा आमचा अनुभव आहे.

त्या बाईची तक्रार शेवटी नोंदली गेली, पण दहा दिवसांनी. आज ती वेगळी राहते, शिवणकाम करते. गेल्या दिवाळीत तिने मला स्वतः शिवलेला एक गाऊन आणून दिला. दोन्ही बाजूंना खिसे आहेत. म्हणाली, ''किल्ली आणि पैसे राहतील ताई. रात्री बाहेर पडावं लागलं तर हात रिकामे हवेत.'' मी तो घालते. परवा ओढणी न घेता वाण्याकडे गेले. खोटं कशाला सांगू, कोपऱ्यावरून परत फिरावंसं वाटलं. फिरले नाही.

तुमच्या वस्तीत ही रेघ कुठे आहे, आणि ती कुणी मारली, ते आता तुम्ही सांगा. मी ऐकायला बसते.