सहलीचा तळ कोठे ठेवावा?

(शिक्षक, ग्रामपंचायतींचे प्रतिनिधी व शिक्षणखात्यातील अधिकारी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



शाळेची सहल ठरते तेव्हा प्रथम स्थळांची यादी होते, मग बसगाडीचे भाडे विचारले जाते आणि अगदी शेवटी, बहुधा निघण्याच्या आठवड्यात, रात्री कोठे उतरावयाचे याचा विचार होतो. हा क्रम उलटा असावयास हवा. ज्या सहलीत चार-पाच गावे पाहावयाची असतात, तिचे यशापयश पुष्कळदा एकाच प्रश्नावर अवलंबून असते. तो म्हणजे, तळ कोठे टाकावयाचा? आज या प्रश्नाचा विचार मी एका प्रत्यक्ष उदाहरणाने करणार आहे. ते उदाहरण माळव्याचे. होळकर, शिंदे आणि पवार या तिन्ही घराण्यांच्या कर्तृत्वाच्या खुणा या एकाच मुलखात सापडतात. आपल्या विद्यार्थ्यांनी तो एकदा तरी पाहावा, असे मला मनापासून वाटते.

या प्रश्नाला इतके महत्त्व कशासाठी? खेड्यातील अनेक मुलांच्या वाट्याला असा प्रवास शालेय जीवनात एकदाच येतो. त्यासाठी घरातून जे पैसे निघतात ते सहज निघालेले नसतात. मुलींच्या बाबतीत तर पैशापेक्षाही मोठी अडचण असते ती पालकांच्या मनातील धास्तीची. "रोज नवे गाव, रोज नवे बिऱ्हाड" असे ऐकले की आई-वडील मुलीचे नाव कमी करतात. याउलट मुक्कामाचा पत्ता निश्चित आहे, तेथे दूरध्वनी आहे, सोबत शिक्षिका आहेत, अंधार पडण्यापूर्वी मुले परत मुक्कामी येणार आहेत, असे सांगता आले तर तेच पालक संमती देतात. तेव्हा तळाची निवड ही केवळ सोयीची बाब नाही; वर्गातील कोणती मुले सहलीला जाणार हे पुष्कळ अंशी तीच ठरविते.

आता माळव्याचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. मध्यभागी इंदूर. तेथून उत्तरेस सुमारे ५५ किलोमीटरवर उज्जैन. ईशान्येस सुमारे ३७ किलोमीटरवर देवास, आणि देवास ते उज्जैन हे अंतरही जवळजवळ तेवढेच. पश्चिमेस ६५ किलोमीटरवर धार आणि धारहून पुढे ३५ किलोमीटरवर मांडू. दक्षिणेस विंध्याचा घाट उतरून गेले की नर्मदेचे खोरे लागते. तेथे ओंकारेश्वर सुमारे ७८ आणि महेश्वर सुमारे ९२ किलोमीटर. ही अंतरे स्थूल मानाने घ्यावीत, कारण वाट कोणती धरावी यावर ती थोडी कमी-अधिक होतात.

नकाशा पाहताच कोणीही म्हणेल की तळ इंदुरातच असावा. हे उत्तर बरोबर आहे; पण ते मध्यावर आहे एवढेच त्याचे कारण नव्हे. तळाच्या गावाला चार कसोट्या लावाव्यात, असे मी सुचवितो.

पहिली कसोटी रस्त्यांची. नकाशावर मध्यभागी दिसणारे गाव रस्त्यांच्या दृष्टीने मध्यावर असेलच असे नाही. उज्जैन हे तीर्थक्षेत्र म्हणून मोठे. परंतु तेथे तळ टाकल्यास मांडू, महेश्वर व ओंकारेश्वर या तिन्ही वाटा दूर पडतात आणि बहुतेक वेळा इंदुरावरूनच जावे लागते. देवासची स्थिती काहीशी तशीच. इंदुरातून मात्र चारही दिशांना स्वतंत्र रस्ते निघतात.

दुसरी कसोटी दवाखान्याची. चाळीस मुले बरोबर असताना कोणाला तरी ताप येणार, कोणाचे तरी पोट बिघडणार, हे गृहीत धरूनच निघावे. इंदुरात महाराजा यशवंतराव रुग्णालयासारखे मोठे शासकीय रुग्णालय आहे. मांडूचे सौंदर्य कितीही मोहक असले, तरी मुलांना घेऊन चार रात्री तेथे राहण्याचा बेत या कसोटीवर टिकत नाही.

तिसरी कसोटी संध्याकाळची. मुले पाच-सहा वाजता परत आली म्हणजे पुढील तीन तास त्यांनी काय करावे? तळाचे गाव स्वतः पाहण्याजोगे असेल तर हा वेळ फुकट जात नाही. इंदुरात मल्हारराव होळकरांच्या काळात आरंभ झालेला सात मजली राजवाडा आहे. १९८४ सालच्या आगीत त्याची मोठी हानी झाली होती. पुढे त्याची दुरुस्ती झाली. लालबागचा महाल आहे. सराफ्यात रात्री दागिन्यांची दुकाने बंद झाली की खाद्यपदार्थांची दुकाने लागतात, हाही मुलांच्या आवडीचा भाग. शिवाय येथे पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झालेला मराठी समाज आहे आणि महाराष्ट्र साहित्य सभेसारख्या जुन्या संस्था आहेत. अशा संस्थांना आधी पत्र लिहावे. उतरण्याची जागा, जेवणाची व्यवस्था, गावाची माहिती सांगणारा एखादा जाणता गृहस्थ, यांबाबत त्यांच्याकडून उत्तम सल्ला मिळू शकतो.

चौथी कसोटी चालकाची. सहलीचा हिशेब आपण किलोमीटरांत करतो. तो तासांत करावयास हवा. घाट, गावांतील गर्दी आणि मुलांना उतरविण्या-चढविण्याचा वेळ जमेस धरता, बसगाडीची सरासरी ताशी ४० किलोमीटरपेक्षा अधिक धरू नये. म्हणजे धारमार्गे मांडूला जाऊन परत येण्याचे २०० किलोमीटर हे पाच तास झाले. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने चालकाच्या कामाची मर्यादा दिवसाला आठ तास आखली होती. ती मर्यादा आपण आपल्या सहलीपुरती कटाक्षाने पाळावी. आणि मुले स्थळ पाहत असताना चालकाने गाडीची राखण करीत बसणे ही विश्रांती नव्हे, हेही ध्यानात ठेवावे.

आता हिशेब मांडून पाहू. सर्व दिवस इंदुरातच राहिलो, तर देवास-उज्जैनचा फेरा सुमारे १३० किलोमीटर, ओंकारेश्वरचे जाणे-येणे १६०, मांडूचे २०० आणि महेश्वरचे १८५. एकूण ६७५ किलोमीटर. ताशी ४० च्या हिशेबाने जवळजवळ १७ तास मुले गाडीत बसणार. याउलट रोज पुढच्या गावी मुक्काम हलविला तर अंतर ४१० किलोमीटरांच्या आसपास येते. पण रोज सकाळी चाळीस वळकट्या बांधणे, हरवलेली चप्पल शोधणे, नव्या जागी खोल्या वाटून देणे यांतच दिवसाचा उत्तम भाग निघून जातो.

यावर मधला मार्ग आहे. मुख्य तळ इंदूर ठेवावा आणि नर्मदाकाठी महेश्वरला दोन रात्रींचा उपतळ करावा. पहिल्या दिवशी इंदूर शहर पाहावे. दुसऱ्या दिवशी देवास व उज्जैन करून परत इंदुरास यावे. तिसऱ्या दिवशी जड सामान इंदुरातच ठेवून, एकेका पिशवीनिशी ओंकारेश्वर पाहून संध्याकाळी महेश्वरला पोहोचावे. ओंकारेश्वर ते महेश्वर हे अंतर सुमारे ६५ किलोमीटर आहे. चौथा दिवस संपूर्ण महेश्वरला द्यावा. पाचव्या दिवशी तेथून अवघ्या ४० किलोमीटरवरील मांडू पाहून, धारवरून इंदुरास परतावे. या बेतात अंतर तेच ४१० किलोमीटर भरते, परंतु बिऱ्हाड एकदाच हलते, आणि तेही हलक्या सामानाने. सुमारे २६० किलोमीटर, म्हणजे साडेसहा तासांचा प्रवास वाचतो. डिझेलची बचत होते ती वेगळीच.

उपतळ महेश्वरच का, असे कोणी विचारील. तेथे घाई करून चालत नाही, हे त्याचे उत्तर. अहिल्याबाई होळकरांनी १७६७ ते १७९५ या काळात येथूनच राज्याचा कारभार केला. त्यांचा वाडा, नर्मदेचे घाट आणि हातमागावर विणली जाणारी महेश्वरी लुगडी, हे सारे तासाभरात उरकण्याजोगे नाही. मुलांना मागापाशी बसवावे आणि विणकराशी बोलू द्यावे. अहिल्याबाईंचा जन्म १७२५ साली चौंडी येथे झाला. खेड्यातील एका मुलीने एवढ्या दूर येऊन राज्य सांभाळले, ही गोष्ट आपल्या मुलींना त्या घाटावर बसून सांगावी. नदीपात्रात मात्र शिक्षकांच्या देखरेखीवाचून कोणासही उतरू देऊ नये.

इतर स्थळांविषयी थोडक्यात सांगतो. उज्जैनचे सध्याचे महाकाल मंदिर अठराव्या शतकात राणोजी शिंदे यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी यांनी उभारले. तेथेच सवाई जयसिंगाची वेधशाळा आहे. कर्कवृत्त जवळून जाते, म्हणून भूगोलाच्या शिक्षकांनी ती चुकवू नये. देवासला पवारांच्या थोरल्या आणि धाकट्या अशा दोन पाती एकाच गावात नांदत होत्या. बेळगावजवळच्या सुळेभावी येथे १९२४ साली जन्मलेले कुमार गंधर्व १९४८ पासून १९९२ पर्यंत, म्हणजे अखेरपर्यंत, याच गावी राहिले. धारच्या किल्ल्यात १७७५ साली दुसऱ्या बाजीरावाचा जन्म झाला. मांडूला जहाजमहाल, होशंगशहाची संगमरवरी कबर आणि पाणी साठविण्याची जुनी योजना पाहावी. हवा स्वच्छ असेल तर रूपमतीच्या मंडपावरून दूरवर नर्मदेची रेघ दिसते. इंदूरजवळचे महू, म्हणजे आजचे डॉ. आंबेडकर नगर, हे १४ एप्रिल १८९१ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा जेथे जन्म झाला ते गाव. ते जेमतेम २५ किलोमीटरवर आहे. पहिल्या दिवशीच्या सकाळी ते अवश्य पाहावे.

तळ कितीही चांगला निवडला तरी काळ चुकला तर बेत फसतो. श्रावणातील सोमवारी उज्जैनला आणि सोमवती अमावास्येला ओंकारेश्वरी प्रचंड गर्दी असते. २०२८ साली उज्जैनला सिंहस्थ आहे. त्या एप्रिल-मेमध्ये शाळेची सहल नेऊ नये. बहुतेक शासकीय संग्रहालये आठवड्यातून एक दिवस, बहुधा सोमवारी, बंद असतात. याची आधी खात्री करून घ्यावी. डिसेंबर-जानेवारीत माळव्यातील रात्री चांगल्याच थंड असतात, म्हणून कोकण-गोव्याकडील मुलांना एक तरी उबदार वस्त्र घ्यावयास सांगावे. पहाटेची भस्मारती पाहावयाचीच असेल तर आदल्या रात्री उज्जैनलाच राहावे. मध्यरात्री मुलांना उठवून इंदुराहून गाडी हाकू नये.

ज्या शाळेजवळ तीनच दिवस आहेत, तिने उपतळाच्या भानगडीत पडू नये. इंदूर, उज्जैन आणि मांडू एवढेच पाहावे आणि नर्मदाकाठ पुढच्या वेळेसाठी ठेवावा. पाहावयाचे एखादे स्थळ कमी झाले तर मुलांचे फारसे नुकसान होत नाही. थकलेल्या मुलाला मात्र पाचवे स्थळ पाहूनही काही आठवत नाही.

हीच रीत अन्यत्रही लागू पडते. बेळगावला तळ ठेवला तर कित्तूर, गोकाकचा धबधबा आणि धारवाड ही स्थळे सकाळी निघून संध्याकाळी परतण्याच्या टप्प्यात येतात. कोल्हापूरला मात्र एक रात्र स्वतंत्र द्यावी, म्हणजे पन्हाळाही नीट पाहून होतो. आपापल्या शाळेने नकाशा, कागद आणि पेन्सिल घेऊन असा हिशेब स्वतः करावा. सातवी-आठवीच्या मुलांकडूनच तो करवून घेतला तर उत्तम. अंतर, वेळ आणि खर्च यांचे त्रैराशिक त्यांना याहून चांगल्या रीतीने शिकविता येणार नाही.

शेवटी ग्रामपंचायतींना एक विनंती. सहलीचा बेत ठरला म्हणजे मुक्कामाचे पत्ते, दूरध्वनी क्रमांक, चालकाचे नाव आणि रोजच्या परतण्याच्या वेळा एका कागदावर लिहून तो पंचायतीच्या फलकावर लावावा. मुलगी आज रात्री कोठे आहे हे घरी बसलेल्या आईला तो कागद वाचून कळले पाहिजे. एवढे झाले तर पुढच्या वर्षी सहलीच्या यादीत मुलींची नावे वाढलेली दिसतील, असा मला भरवसा वाटतो.