‘ओन्ली’ आणि आपला ‘च’

आज मी तुमच्यापुढे एकच शब्द घेऊन आले आहे. तो इंग्रजीतला आहे, पण आपल्या रोजच्या पाहण्यातला. लोकलच्या डब्यावर ‘लेडीज ओन्ली’, मलमाच्या ट्यूबवर ‘फॉर एक्स्टर्नल यूज ओन्ली’, चेकवर ‘रुपीज फाइव्ह हंड्रेड ओन्ली’. डब्यावर तो हद्द आखतो, ट्यूबवर सावध करतो आणि चेकवर कडी घालतो. पाचशे ही रक्कम क्षुल्लक आहे असं त्या ‘ओन्ली’ला म्हणायचं नसतं, पुढे कुणी शब्द वाढवू नयेत, एवढंच त्याचं काम. आपणही पावतीवर ‘अक्षरी रुपये पाचशे मात्र’ लिहितो, ते याचसाठी.

या ‘मात्र’पाशी जरा थांबू या. ‘मी येईन, मात्र उशीर होईल’ या वाक्यातला ‘मात्र’ म्हणजे ‘पण’. आता इंग्रजी बघा. ‘आय वुड कम, ओन्ली आय हॅव नो टाइम’ – यायला आवडलं असतं, पण वेळ नाही. तिथेही ‘ओन्ली’चा ‘पण’ झाला! दोन भाषा एकमेकींना न विचारता एकाच वळणावर पोचल्या, याचं मला फार अप्रूप वाटतं. ‘एवढंच’ म्हणता म्हणता माणूस अपवाद सांगू लागतो, आणि अपवाद म्हटला की ‘पण’ आलाच.

मुळात ‘ओन्ली’च्या पोटात ‘वन’ आहे, म्हणजे एक. जुन्या इंग्रजीत ‘आनलिक’ असा शब्द होता. त्याचा अर्थ ‘एकासारखा’, आपल्या ‘एकुलत्या’च्या जवळचा. पुढे त्याला फाटे फुटले. ‘इफ ओन्ली’ म्हटलं की हळहळ, ‘ओन्ली जस्ट’ म्हटलं की ‘नुकतंच’ किंवा ‘जेमतेम’, आणि ‘ओन्ली टू ग्लॅड’ म्हटलं की चक्क ‘अतिशय आनंदाने’.

खरा वाद मात्र अर्थापेक्षा जागेचा आहे. ‘शी ओन्ली गेव्ह राम मिल्क’ हे वाक्य घ्या. तिने दूधच दिलं, रामलाच दिलं, की नुसतं दिलं, पाजलं नाही? बोलताना इंग्रज माणूस ‘राम’वर किंवा ‘मिल्क’वर जोर देतो आणि प्रश्न मिटतो. कागदावर तो जोर दिसत नाही. म्हणून रॉबर्ट लाउथ या व्याकरणकाराने अठराव्या शतकातच बजावलं की ‘ओन्ली’ ज्या शब्दाचा, त्याच्या शेजारी ठेवा. त्याचं व्याकरण 1762 सालचं. पुढे 1926 मध्ये फाउलर या कोशकाराने बोलीची बाजू घेतली: अर्थाचा घोटाळा होत नसेल, तर शब्दाला त्याच्या सवयीच्या जागेवरून ओढू नका. मला फाउलरचं पटतं. पण करारनामा लिहिताना मी लाउथचंच ऐकेन.

मराठीत हा वाद उद्भवतच नाही, कारण आपल्याकडे ‘च’ आहे. आईनेच रामला दूध दिलं. आईने रामलाच दूध दिलं. आईने रामला दूधच दिलं. ज्या शब्दाला तो चिकटतो, त्याचाच होतो. आवाजाची मदत लागत नाही. ज्ञानेश्वरीत तो ‘चि’ या रूपात भेटतो, म्हणजे किती शतकं तो आपलं हे काम करतो आहे पाहा. आता चौथं वाक्य – आईने रामला दूध दिलंच. इथे ‘ओन्ली’ हात टेकतो. इंग्रजीला ‘डिड गिव्ह’ म्हणावं लागतं, कारण हा ‘च’ इतरांना वगळत नाही, तो खात्री देतो. ‘ओन्ली’ला फक्त वगळता येतं.

म्हणूनच आपण ‘आय वॉज देअर ओन्ली’ म्हणतो आणि परका ऐकणारा बुचकळ्यात पडतो. आपल्या मनात ‘मी तिथेच होते’ असतं. त्याला ऐकू येतं, ‘तिथे होते, बाकी कुठेच नाही.’ आपसात बोलताना यात मला काही गैर वाटत नाही. आपल्या ‘च’ने परभाषेत शोधलेलं ते घर आहे.

पण एकदा ते घर एका मुलीला महागात पडलं. माझ्याकडे शिकलेली ती मुलगी मुलाखतीला गेली होती. शिक्षणाबद्दल विचारल्यावर तिने ताठ मानेने सांगितलं, ‘आय स्टडीड इन मराठी मीडियम ओन्ली.’ तिला म्हणायचं होतं, मी मराठी माध्यमातच शिकले. समोरच्यांनी ऐकलं, ‘फक्त मराठी माध्यमात.’ एकाने धीर दिल्यासारखं म्हटलं, ‘असू दे, हरकत नाही.’ हे सांगताना तिच्या डोळ्यांत पाणी होतं. तिचा अभिमान त्यांना कमीपणाची कबुली वाटला होता.

आम्ही दोघी वही घेऊन बसलो. ‘ओन्ली’ला वाक्यात इकडे-तिकडे हलवून पाहिलं, कुठेही ठेवला तरी तो वाक्याला खालीच खेचत होता. शेवटी त्याला काढूनच टाकलं आणि तिने लिहिलं, ‘ऑल माय स्कूलिंग वॉज इन मराठी.’ मग तिने ते वाक्य मोठ्याने वाचलं, आणि तिचा आवाज आपोआप ‘मराठी’वर टेकला.