हिशेबाचा संगणक : आज्ञावली विकतची की मोफतची?

(शेतकरी उत्पादक कंपन्यांचे संचालक, बचत गटांचे हिशेबनीस व शेतकरी यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



अमरावती आणि अकोला जिल्ह्यांत शेतीचा हिशेब आता केवळ वहीत राहिलेला नाही. सोयाबीनची खरेदी, तुरीचे कट्टे, संत्रा बागेचा फवारणीखर्च, सभासदांचे भागभांडवल या नोंदी संगणकावर होऊ लागल्या आहेत. केंद्र शासनाने 2020 साली दहा हजार शेतकरी उत्पादक संस्था उभारण्याची योजना सुरू केली. 2022 साली 63 हजार प्राथमिक कृषी पतपुरवठा संस्थांच्या संगणकीकरणास मंजुरी दिली. या पतपुरवठा संस्थांसाठी एकच सामाईक प्रणाली ठरलेली आहे, त्यामुळे तेथे निवडीचा प्रश्न येत नाही. उत्पादक कंपनी, बचत गट आणि घरची शेती येथे मात्र पत्र लिहिण्याची व तक्ते करण्याची आज्ञावली, म्हणजे सॉफ्टवेअर, आपल्यालाच निवडावी लागते. ती विकत घ्यावी की मोफतची वापरावी, याचा आज विचार करू.

पडदा बदलतो, काम बदलत नाही

आपल्याकडील अनेक मुलामुलींनी एमएस-सीआयटी या अभ्यासक्रमातून संगणक शिकला. तो चालविणारे महाराष्ट्र ज्ञान महामंडळ 2001 साली स्थापन झाले. त्या काळी मायक्रोसॉफ्ट ऑफिसमध्ये वरच्या बाजूस फाइल, एडिट, व्ह्यू अशा याद्या असत. 2007 च्या आवृत्तीत त्या जाऊन चित्रांची रुंद पट्टी आली आणि हाताला सवय झालेली बटणे जागेवर सापडेनात. पुढेही लहानमोठे बदल होत राहिले.

परंतु बेरीज, टक्केवारी, नावांची क्रमवारी, गावानुसार निवड ही कामे तीच आहेत. "तिसऱ्या ओळीतले दुसरे बटण दाबायचे" असे पाठ करणारा कर्मचारी प्रत्येक नव्या आवृत्तीला अडतो. काय करावयाचे आहे हे समजलेला कर्मचारी बटण कोठेही असले तरी आठ दिवसांत रुळतो. म्हणून प्रशिक्षण देताना कामावर भर द्यावा. नेहमीच्या दहा कामांची यादी मराठीत लिहून संगणकाजवळ लावावी.

विकतची आज्ञावली

हिच्यात दोन प्रकार आहेत. पहिला एकदाच पैसे भरून घेण्याचा. ही आज्ञावली पुढेही चालते, पण कंपनीकडून मिळणारी सुरक्षेची दुरुस्ती ठरावीक काळाने थांबते. मायक्रोसॉफ्ट ऑफिस 2016 व 2019 यांची दुरुस्ती 14 ऑक्टोबर 2025 रोजी थांबली. विंडोज 10 ची नियमित मोफत दुरुस्तीही त्याच दिवशी थांबली.

दुसरा प्रकार वार्षिक वर्गणीचा. मक्त्याने शेत करण्यासारखाच हा व्यवहार आहे. मक्ता भरला तोवर वाहावे, थांबला की शेत सोडावे. मायक्रोसॉफ्ट 365 ची वर्गणी संपली की संगणकावरील जुनी फाइल पाहता व छापता येते, पण तीत नवी नोंद करता येत नाही. वर्गणीचा खर्च एका वर्षाचा धरू नये. तिघे जण काम करणार असतील तर आठ वर्षांत चोवीस वर्गण्या होतात. घरगुती वापराचा परवाना कंपनीच्या कामाला चालतो की नाही, हेही अटी वाचून पाहावे.

विकतच्या आज्ञावलीचे फायदेही आहेत. बँक, लेखापाल व शासकीय कार्यालयांकडून येणारे क्लिष्ट तक्ते तीत जसेच्या तसे उघडतात. ती शिकलेली माणसे गावोगावी मिळतात.

मोफतची आज्ञावली

हिच्यातली प्रमुख म्हणजे लिब्रेऑफिस. ओपनऑफिस या मुक्त आज्ञावलीपासून 2010 साली ती वेगळी झाली. ती विंडोजवर चालते, तशीच लिनक्सवरही चालते. कितीही संगणकांवर घातली तरी परवान्याचा खर्च नाही. हिच्यात पडदा जुन्या यादीच्या पद्धतीचा ठेवावा की पट्टीचा, हे वापरणाऱ्याला निवडता येते. जुन्या पद्धतीवर हात बसलेल्यांना ही मोठी सोय आहे. पडद्यावरील सूचना मराठीतही घेता येतात.

उणिवाही लक्षात घ्याव्यात. एक्सेलच्या साध्या फाइली हिच्यात उघडतात, परंतु मॅक्रो घातलेले तक्ते कधी कधी बिघडतात आणि पानाची मांडणी हलते. अडचण आली तर हमखास विचारता येईल असा माणूस तालुक्याला असेलच असे नाही.

इंटरनेटवर चालणारे गुगल शीट्सही मोफत आहे. दोन गावांतील दोन माणसे एकाच तक्त्यात नोंद करू शकतात. मात्र त्याला बहुतांशी इंटरनेट लागते. खाते कोणाच्या नावावर आहे, हेही पाहावे. सचिवाच्या खासगी खात्यावर सभासदांची यादी असेल आणि सचिव बदलला, तर यादी त्याच्याबरोबर जाते. शिवाय दोन वर्षे न वापरलेले वैयक्तिक खाते गुगल बंद करून त्यातील माहिती पुसू शकते.

नकली प्रत नको

संगणक विकणारा "सगळे टाकून देतो" म्हणतो, तेव्हा परवाना मागावा. नकली प्रतीबरोबर व्हायरस येण्याचा धोका असतो. प्रत नकली आहे हे माहीत असून वापरणे हा प्रताधिकार कायद्याच्या कलम 63-ब नुसार गुन्हा आहे. पैसे देणे शक्य नसेल तर मोफतची आज्ञावली उघडपणे वापरता येते.

आठ वर्षांचा हिशेब

कंपनी कायदा 2013 नुसार हिशेबाची पुस्तके किमान आठ आर्थिक वर्षे जपून ठेवावी लागतात. उत्पादक कंपनीही यातून सुटत नाही. आठ वर्षांत संगणक बदलेल, कर्मचारी बदलेल, पडदा तर नक्कीच बदलेल. सभासदाने "माझे पाच क्विंटल कोठे गेले?" असे विचारले, तर त्या दिवशी ती फाइल उघडली पाहिजे. तेव्हा कोणत्याही आज्ञावलीची पहिली कसोटी हीच धरावी की, आपली नोंद तिच्यातून बाहेर काढून दुसरीकडे नेता येते काय?

आणखी एक गोष्ट. 1 एप्रिल 2023 पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या आज्ञावलीत प्रत्येक बदलाची तारखेसह नोंद आपोआप राहणे आवश्यक आहे. साध्या तक्त्याच्या फाइलीवर विसंबून हे साधत नाही. यासाठी सनदी लेखापालाच्या सल्ल्याने वेगळी हिशेबाची आज्ञावली घ्यावी. तक्ते व पत्रांसाठी मोफतची वापरून वाचलेला पैसा येथे खर्च करावा.

आधी उगवण चाचणी

सोयाबीन पेरण्यापूर्वी आपण 100 दाणे ओल्या गोणपाटात ठेवतो आणि 70 पेक्षा जास्त उगवले तरच ते बियाणे पेरतो. आज्ञावलीचीही अशीच चाचणी घ्यावी.

1. मागील वर्षाच्या खऱ्या फाइलीची प्रत घेऊन ती नव्या आज्ञावलीत उघडावी. मूळ फाइलीला हात लावू नये.
2. सर्व बेरजा जुन्या छापील कागदाशी ताडून पाहाव्यात.
3. मराठी नावे नीट दिसतात का ते पाहावे. जुन्या फॉन्टमधील नावे दुसऱ्या संगणकावर इंग्रजी अक्षरांचा गोंधळ होऊन दिसतात. नव्या नोंदी युनिकोडमध्येच कराव्यात.
4. आपल्या छपाई यंत्रावर पावती छापून पाहावी.
5. ज्याने रोज काम करावयाचे, त्याच्याच हातून दहा नोंदी करून घ्याव्यात.
6. नवी फाइल लेखापालाकडे पाठवून ती उघडते का ते विचारावे.

चाचणी उतरली तर एक महिना जुने व नवे दोन्ही बरोबर चालवावे. खरेदीच्या हंगामात बदल करू नये. एप्रिलमध्ये, नव्या आर्थिक वर्षाच्या आरंभी करावा. दर महिन्याला फाइलीची एक प्रत पेनड्राइव्हवर, एक दुसऱ्या जागी आणि वर्षअखेरचा गोषवारा कागदावर ठेवावा.

घरची शेती आणि बचत गट यांना मोफतची आज्ञावली बहुधा पुरते. ज्या उत्पादक कंपनीला बाहेरचे क्लिष्ट तक्ते रोज हाताळावे लागतात, तिने एका संगणकापुरती विकतची घ्यावी व बाकीच्यांवर मोफतची ठेवावी. दोन्हीकडे एकच नियम पाळावा : पासवर्ड संस्थेच्या ताब्यात आणि प्रत आपल्या कपाटात. असे केल्यास उद्या पडदा बदलला, वर्गणी वाढली किंवा कर्मचारी सोडून गेला, तरी सभासदाच्या घामाचा हिशेब जागच्या जागी राहील.