शिकविणाऱ्यांची बैठक



सावंतवाडीच्या गंजिफांची पेटी आज पुष्कळ घरांच्या दिवाणखान्यांत आढळते. पाहुणा झाकण उघडतो, दोन गोल पाने हातात घेऊन त्यांवरील मत्स्य-कूर्मांची वाहवा करतो आणि झाकण लावतो. हा खेळ खेळावयाचा कसा, असे त्याने विचारलेच, तर यजमान बहुधा विषय बदलतो. १९७० च्या आसपास शिवरामराजे भोसले व राणी सत्त्वशीलादेवी यांनी वृद्ध कारागीर पुंडलिक चितारी यांच्याकडील विद्या जाणून घेतली आणि राजवाड्यात हे लाखकाम पुन्हा सुरू करविले. म्हणून पाने वाचली. खेळ तितका वाचला नाही. पाने विकली जातात, खेळली जात नाहीत.

गोव्याला हा विषय परका नाही. पेडणे महाल १७८८ मध्ये पोर्तुगिजांकडे गेला, डिचोली त्याआधी काही वर्षे, १७८१ मध्ये. तोवर हा मुलूख सावंतवाडीकरांच्या अमलाखाली होता. राज्याची सीमा बदलली, तरी सोयरीक, देवदर्शन आणि बाजार यांसाठी पायवाटा चालूच राहिल्या. आजही पेडण्याहून वाडी वास्कोपेक्षा जवळ आहे.

दशावतारी गंजिफांत १२० पाने असतात. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकाची बारा पाने: राजा, प्रधान आणि एक ते दहा. तिघे खेळावयास बसले, तर प्रत्येकाच्या हाती चाळीस पाने येतात, आणि नवशिक्याचा धीर सुटतो तो येथेच. त्यातच पाच रंगांत दश्शी मोठी, तर उरलेल्या पाच रंगांत एक्का मोठा. दिवसा खेळ मांडला तर रामाचा मान पहिला, रात्री मांडला तर कृष्णाचा. आता शिकविणाऱ्याने सायंकाळी पाच वाजता वर्ग सुरू केला आणि मध्येच दिवेलागण झाली, तर काय करावे? चालू डाव रामाचाच राहील की कृष्णाकडे जाईल? बंगालमधील विष्णुपूरच्या दशावतारी पानांत तर पावसाचाही विचार होतो, असे सांगतात. श्रावणात गोव्यात तो नियम लावला तर महिनाभर दुसरे काही नकोच!

प्रश्न विनोदी वाटतो, परंतु शिकविण्याची खरी अडचण अशाच ठिकाणी असते. छापील नियमावलीत तिचे उत्तर सापडेलच असे नाही. ते कोणा एका घरातील आजीच्या सवयीत असते, आणि दुसऱ्या घरातील आजीचे उत्तर वेगळे असते. म्हणून हा खेळ शिकविणाऱ्या चारदोन मंडळींनी एकत्र जमणे अत्यावश्यक आहे. मात्र जमतात तेव्हा काय घडते? समोर टेबल, त्यावर ध्वनिक्षेपक, एक ज्येष्ठ तज्ज्ञ पाऊण तास इतिहास सांगतात, आभार मानले जातात आणि चहा येतो. मंडळी एकमेकांशी खऱ्या अर्थाने बोलू लागतात ती चहाच्या वेळी. आणि तोपर्यंत निघण्याची वेळ झालेली असते.

याबाबतीत एका परदेशी खेळाकडे पाहण्यासारखे आहे. माहजाँग हा चिनी खेळ आपल्याकडील सैन्यदलांच्या अधिकाऱ्यांच्या कुटुंबांत फार वर्षांपासून खेळला जातो. दाबोळीला नौदलाचा तळ असल्याने वास्कोकरांच्या कानांवरून हे नाव गेलेही असेल. १४४ सोंगट्या, चार खेळाडू. अमेरिकेत १९२० नंतर या खेळाचे वेड पसरले, आणि जो तो आपापले नियम छापू लागला. त्या गोंधळातून १९३७ मध्ये न्यूयॉर्कमधील काही स्त्रियांनी नॅशनल माहजाँग लीग स्थापन केली. ही संस्था कोणत्या रचनेने डाव जिंकता येईल, याचा तक्ता दरवर्षी नव्याने काढते. त्यामुळे तेथे वीस वर्षे शिकविणारी बाईसुद्धा दर वसंतात पुन्हा विद्यार्थिनी होते. शिकविणारा स्वतः अडखळतो, तेव्हाच नवशिक्याचा गोंधळ त्याला आठवतो. एरवी तो विसरलेला असतो.

चीनने १९९८ मध्ये दुसरी वाट धरली व स्पर्धांसाठी एक प्रमाण नियमावली केली. तीत गुण देणाऱ्या ८१ रचना आहेत. स्पर्धेला हे ठीक. गंजिफांच्या बाबतीत मात्र एकच नियम ठरवून बाकीचे पुसून टाकणे ही घाई होईल. नियमांची विविधता हीच येथे ठेव आहे, आणि ती अद्याप नीट लिहूनही झालेली नाही.

मग बैठक कशी असावी? त्यासाठी वास्कोला दूर जाण्याचे कारण नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून येथे श्रावणात दामोदराचा भजनी सप्ताह होतो. अहोरात्र अखंड चालणाऱ्या त्या भजनात एक पथक उठते, दुसरे बसते. टाळ एका हातातून दुसऱ्या हातात जातो आणि सूर तुटत नाही. तेथे निव्वळ श्रोता असा कोणी नसतोच. ज्याला गाता येत नाही, तोही टाळी धरतो. शिकविणाऱ्यांच्या बैठकीला हाच घाट हवा.

खुर्च्यांच्या रांगा मोडाव्यात. चार-चार जणांची टेबले मांडावीत आणि पहिल्या पाच मिनिटांतच पाने वाटावीत. येताना प्रत्येकाने एक चिठ्ठी आणावी. तीत आपल्या यशाची हकिकत नको, विद्यार्थी जेथे हटकून चुकतो ती एक जागा हवी. एका टेबलावर खरोखरीच खेळ न येणारी शाळकरी मुलगी बसवावी. दोघांनी तिला एकच गोष्ट, उदाहरणार्थ एक्का आणि दश्शी यांचा हा उलटा क्रम, आपापल्या पद्धतीने शिकवावी. इतरांनी तोंडे मिटून पाहावे. नंतर प्रथम मुलीने बोलावे, ज्येष्ठांनी सर्वांत शेवटी. हे ज्येष्ठांना जड जाईल. परंतु ते आधी बोलले की इतरांचे बोलणे संपते, हा सर्व सभांचा अनुभव आहे. अध्यक्षपदही एकाकडे ठेवू नये. माहजाँगमध्ये ‘पूर्व’ दिशेचा मान फिरत फिरत चौघांकडे जातो, तसे ते दर अर्ध्या तासाने पुढच्या टेबलाकडे जावे.

मतभेद होतील, दिवेलागणीचा प्रश्न निघाला की नक्कीच होतील. तेथे मतदान घेऊ नये. दोन्ही रीती, कोणत्या गावच्या आणि कोणत्या घरच्या या माहितीसह, वहीत उतरवून घ्याव्यात आणि त्याच डावात दोन्ही खेळून पाहाव्यात. ही वही ठेवावयाची जागा ग्रंथालयाखेरीज दुसरी नाही. छापील पुस्तके सांभाळणाऱ्या संस्थेने, जे कधी छापलेच गेले नाही, त्यासाठी कपाटातील एक वीतभर जागा द्यावी. आठवड्यातून एकदा वाचनकक्षातील एक टेबल तीन तास मिळाले, तरी काम सुरू होऊ शकते. शांतता राखण्याची पाटी त्या तीन तासांपुरती उलटी करावी लागेल.

आणि उठण्यापूर्वी पाने मोजून पेटीत भरावीत. १२० पैकी एक जरी हरवले तरी डाव मांडता येत नाही, आणि हाताने रंगविलेल्या संचातील एकच पान बाजारात विकत मिळत नाही. त्यासाठी पेटी घेऊन चिताऱ्याचेच दार ठोठवावे लागते.