एकदाचं सगळं बुडू दे!

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



गणिताच्या पेपरच्या आदल्या रात्री आपण सगळ्यांनीच एक प्रार्थना केलेली असते : देवा, उद्या इतका पाऊस पडू दे की शाळाच बंद राहील. शाळा सुटते, पण काही जणांची ही प्रार्थना सुटत नाही. पुढे ती लोकलमध्ये, नाक्यावर, लग्नाच्या पंगतीत ऐकू येते. ‘अहो, हे आता सुधारणार नाही. एकदाचं सगळं बुडू दे, मग नव्यानं उभं राहील!’

मीही असंच म्हणत असे. २००५ च्या एप्रिलमध्ये माझी नोकरी गेली. घराचा हप्ता थकलेला, आणि बायकोला सांगायचं धाडस नाही. रोज डबा घेऊन निघायचो आणि दिवसभर वाचनालयात बसायचो. मनात यायचं, हे शहरच बंद पडावं. म्हणजे मी एकटाच हरलो, असं राहणार नाही.

पुढे दक्षिण आफ्रिकेतल्या खोसा लोकांची हकिगत वाचली आणि स्वतःचीच ओळख पटली. १८५६ साली नोंगक्वावुसे नावाच्या एका मुलीनं पूर्वजांचा निरोप सांगितला : गुरं मारा, धान्य टाकून द्या, पेरणी करू नका, पूर्वज उठतील आणि निरोगी गुरं घेऊन येतील. बहुतेकांनी ऐकलं. सुमारे ४ लाख गुरं मारली गेली आणि ४० हजार माणसं उपाशी मेली, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. ही माणसं वेडी नव्हती. गोऱ्यांशी लढाया हरून जमीन जात होती, आणि बाहेरून आलेल्या रोगानं गुरं तशीही मरतच होती. रोज थोडं थोडं हरण्यापेक्षा एकदाच सगळं हरावं, असं थकलेल्या माणसाला वाटतं. शेवट लवकर व्हावा, ही घाई त्यातूनच येते.

माझी प्रार्थना मात्र ऐकली गेली. २६ जुलै २००५. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस. छातीभर पाण्यातून मी कुर्ल्याहून चालत निघालो. अनोळखी माणसांनी दोर धरला होता, कुणी चहा दिला, कुणी बिस्किटं. खरं सांगतो, त्या रात्री मला हलकं वाटलं. ‘सध्या कुठं असता?’ असं कुणीच विचारलं नाही.

सकाळी एका झोपडपट्टीपाशी एक बाई भिजलेलं रेशनकार्ड आणि मुलांची पुस्तकं भिंतीवर वाळत घालत होती. शहर बुडालं, ते आधी तिच्या घरात. आणि ते पुन्हा उभं राहिलं ते नव्यानं नव्हे. जुनेच वायरमन, जुन्याच परिचारिका, जुनेच सफाई कामगार कामावर आले म्हणून.

घरी पोचलो आणि बायकोला सगळं सांगून टाकलं. ती म्हणाली, ‘मला महिन्याभरापासून माहीत आहे. तुम्ही कधी सांगता, त्याची वाट पाहत होते.’ हप्ते तसेच होते, नोकरी नव्हतीच. पण शहर बुडावंसं मला त्यानंतर वाटलं नाही.

तेव्हा श्रोतेहो, कुणी ‘सगळं बुडू दे’ म्हणालं, तर वाद घालू नका. जवळ बसा आणि विचारा, ‘काय रे, घरी सगळं ठीक आहे ना?’