शून्य नंबरची जमीन



गूढ प्रदेश म्हटला, की आपल्या डोळ्यांपुढे निबिड अरण्य उभे राहते. मी मात्र आज आपल्याला जिथे मैलोगणती झाड दिसत नाही, अशा ठिकाणी नेणार आहे. ते म्हणजे गुजरातेतले कच्छचे छोटे रण. सुमारे 5,000 चौरस किलोमीटरांची, भेगाळलेल्या चिखलाची सपाटी!

थंडीचे दिवस होते. ऊन चढले तसे क्षितिजावर पाणी चमकू लागले, आणि त्या पाण्यावर काही जनावरे तरंगताना दिसली. त्यांना पायच नव्हते! वाटाड्या हसून म्हणाला, "पाणी खोटं आहे, साहेब; जनावरं खरी आहेत."

ती होती घुडखरे, म्हणजे रानगाढवे. 'गाढव' या शब्दाला आपण हसतो. पण तो बदामी-पांढरा कळप उधळला, तेव्हा आमची जीप मागे पडली! पावसाळ्यात हेच रण पाण्याखाली जाते. मग ही जनावरे थोड्याशा उंचवट्यांवर, तिथल्या भाषेत 'बेटां'वर, आसरा घेतात. तिथले गवत हाच त्यांचा आधार. साथीच्या रोगांनी त्यांचा इतका संहार झाला, की 1969 च्या गणतीत ती अवघी 362 भरली. 1973 मध्ये अभयारण्य झाले आणि 2024 मध्ये गणती 7,672 वर गेली.

पण रणात माणसेही आहेत. पावसाळा सरला, की अगरिया कुटुंबे येतात, विहिरी खणून जमिनीखालचे खारे पाणी उपसतात आणि उन्हाळ्यापर्यंत मीठ पिकवतात. एका झोपडीत आम्हांला चहा मिळाला. प्यायचे पाणी टँकरने येणार होते. तरी त्या माउलीने आम्हां सहाजणांना 'नको' म्हणू दिले नाही.

या रणाची मोजणीच झाली नव्हती, म्हणून त्याला 'शून्य सर्व्हे नंबर' म्हणत. पिढ्यान्‌पिढ्या मीठ पिकवूनही अगरियांना जमिनीचा कागद दाखवता येत नाही, याचे मूळ तिथे आहे. घुडखरांची गणती आपण केली, हे फार चांगले झाले. त्याच रणात राबणाऱ्या माणसांचाही हिशेब धरायला हवा. उद्या सकाळी आमटीत मीठ घालताना त्या झोपडीची आठवण ठेवा, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.