उत्सवाचा नाद आणि ध्वनीची मर्यादा

(गणेशोत्सव मंडळांच्या कार्यकर्त्यांपुढे झालेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)



गणेशोत्सव जवळ आला की, ध्वनिक्षेपकावरील निर्बंध हे हिंदूंच्या उत्सवांवरील संकट आहे, अशी भावना अनेक मंडळांतून व्यक्त होते. हे निर्बंध कशातून दृढ झाले, हे जाणणे म्हणूनच अगत्याचे आहे.

जानेवारी १९९८ मध्ये वृत्तपत्रांत एक बातमी आली. तेरा वर्षांच्या एका मुलीवर बलात्कार झाला. तिचा आक्रोश शेजारी ध्वनिक्षेपकावर चाललेल्या संगीतात बुडून गेला. त्याच सायंकाळी तिने स्वतःला पेटवून घेतले आणि तिचा अंत झाला. या बातमीने व्यथित झालेल्या एका अभियंत्याने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. १८ जुलै २००५ चा ध्वनिप्रदूषणविषयक निकाल तिच्यातूनच आला. रात्री १० ते सकाळी ६ ही वेळ शांततेची, हे त्यात अधोरेखित झाले.

हा न्याय एका समाजापुरता नाही. सन २००० मध्ये चेन्नईतील एका चर्चच्या प्रकरणात, इतरांची शांतता भंग करून प्रार्थना करावी असे कोणताच धर्म सांगत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. ध्वनिक्षेपक हा कोणत्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही, असा निर्वाळा मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये दिला. मशिदीवरील भोंग्यांविषयी नियमाचा आग्रह धरणाऱ्याने स्वतःच्या मंडपातही तो पाळला, तरच त्याच्या शब्दाला वजन येते.

सन २००० च्या नियमांनुसार निवासी भागातील मर्यादा दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल आहे. सार्वजनिक जागेच्या सीमेवर ध्वनिक्षेपकाचा आवाज परिसराच्या मर्यादेहून १० डेसिबल अधिक किंवा ७५ डेसिबल, यांपैकी जे कमी असेल त्यापुढे जाता कामा नये. २०१० च्या दुरुस्तीने रात्रीचा निर्बंध वाद्यांनाही लागू झाला. सणांची जाणीवही नियमांत आहे. वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देण्याचा अधिकार राज्य शासनाला आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑक्टोबर २००५ रोजी तो ग्राह्य धरला. ही सवलत वेळेची आहे; आवाजाची नव्हे.

डेसिबलचे गणित फसवे असते. १० डेसिबल वाढले की ध्वनीची तीव्रता दहापट होते. ८५ डेसिबलचा आवाज कान आठ तास सोसू शकतो. १०० डेसिबलला ही मुदत जेमतेम पंधरा मिनिटांवर येते. अंतर्कर्णातील सूक्ष्म केशपेशी एकदा नष्ट झाल्या की पुन्हा निर्माण होत नाहीत. ध्वनिक्षेपकांच्या भिंतीजवळ तासन्‌तास उभा राहतो तो मंडळाचाच तरुण कार्यकर्ता. पहिली हानी त्याची होते.

लोकमान्य टिळकांनी १८९३-९४ च्या सुमारास या उत्सवाला सार्वजनिक चळवळीचे रूप दिले, तेव्हा ध्वनिक्षेपक नव्हता. तरीही व्याख्याने, कीर्तने आणि मेळ्यांतून समाज जागा झाला, कारण तेथे ऐकण्यासारखे काही होते.

प्रत्येक मंडळाने लेखी परवानगी घ्यावी, आवाज मोजण्याचे काम एका जबाबदार कार्यकर्त्याकडे सोपवावे, रुग्णालयासमोर वाद्ये थांबवावीत आणि ठरलेली वेळ होताच, पोलीस येण्यापूर्वीच, ध्वनिक्षेपक बंद करावा. संघटित समाजाची ओळख त्याच्या अनुशासनातून होते. विघ्नहर्त्याचा उत्सव शेजारच्या रुग्णाला, वृद्धाला वा अर्भकाला विघ्न ठरू नये.